फेरीचे माप

मनुष्य चालतो तो कोठेतरी पोहोचण्यासाठी, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. आणि व्यवहारापुरती ती खरीही आहे. कचेरीस जाणारा कचेरीस पोहोचतो, बाजारास जाणारा बाजारास पोहोचतो, आणि पोहोचल्यावर वाटेचे काम संपते. परंतु मनुष्याने आपल्यासाठी असेही काही रस्ते आखून ठेवले आहेत, की जे कोठेच जात नाहीत. जेथून निघावे तेथेच ते दिवसाच्या शेवटी आणून सोडतात. मध्यंतरी चढ, उतार, ऊन, चिखल आणि तहान यांचा यथास्थित प्रसाद मात्र देतात. डोंगराभोवतीची फेरी हा या रस्त्यांतील मुख्य प्रकार होय. असली वाट मनुष्य आपखुशीने का चालतो, आणि ती चालल्याने त्याच्या पदरात नैतिकदृष्ट्या काही पडते काय, हा प्रश्न येथे आम्ही विचारासाठी घेत आहोत. प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. तो कोठे जाऊन बोचतो, हे पुढे दिसून येईल.

आमचे मूळ गाव करकंब. पंढरपूर तालुक्यातील हे मोठे गाव पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. गावाभोवती डोंगर म्हणावा असा नाही. सपाट रान, काळी जमीन, मधूनमधून उघडा माळ, आणि वैशाखात क्षितिजापर्यंत थरथरणारे ऊन, एवढेच येथील सृष्टीचे वैभव. पाऊस सालीना सरासरी पाचसहाशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाल्यापासून तालुक्याच्या पुष्कळ भागाचा रंग पालटला, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. तरी पाण्याची चिंता येथल्या माणसाच्या बोलण्यातून गेलेली नाही. अशा गावास डोंगराच्या फेरीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु तो संबंध दरवर्षी आषाढात आमच्या गावात चालत येतो. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा या बाजूने येते, आणि पंढरी जवळ आली असता तिचा मुक्काम करकंबास पडतो. पालखी जेथून निघते तेथे ब्रह्मगिरी आहे. आणि ब्रह्मगिरीची फेरी ही महाराष्ट्रातील डोंगर-प्रदक्षिणांत सर्वांत प्रसिद्ध होय.

नाशिक शहरापासून सुमारे 28 किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीचा हा डोंगर गोदावरीचे उगमस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी लाखो माणसे कुशावर्तावर स्नान करून त्याला वळसा घालण्यास निघतात. धाकटी फेरी सुमारे 20 किलोमीटरांची व थोरली सुमारे 40 किलोमीटरांची. पुष्कळ मंडळी आदल्या रात्रीच वाटेला लागतात. पहिने, धाडोशी, सापगाव अशी गावे घेत, ओढे ओलांडत, निसरड्या चढणी चढत, अंगावर पाऊस झेलत ती पुन्हा त्र्यंबकास येतात. यांत भाविक असतात, तसे निव्वळ हौशीही असतात. ज्याला आजची तरुण मंडळी ‘ट्रेक’ म्हणतात, त्या दृष्टीने पाहणाऱ्यांची संख्या वाढत आहे. भाविक आणि हौशी यांच्यांत बोलण्यात पुष्कळ अंतर असले तरी पायांत फारसे अंतर नसते. पंधराव्या किलोमीटरास दोघांचेही गुडघे एकाच भाषेत बोलू लागतात. म्हणून या दोघांचा विचार आम्ही एकत्रच करणार आहोत.

असल्या फेरीवर पहिला आक्षेप बुद्धिवाद्याचा. तो म्हणतो, ‘जेथून निघालात तेथेच परत आलात, मग मिळवलेत काय?’ या आक्षेपास उत्तर देणे फारसे कठीण नाही, कारण तो केवळ फेरीस लागू नाही. तो रियाजास लागू आहे, व्यायामास लागू आहे, फार काय, घरी परतण्यासाठीच घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रवाशास लागू आहे. वारीदेखील शेवटी जाणे आणि येणे मिळूनच होते. कोनिग्झबर्ग नगरीतील तत्त्ववेत्ता कांट याने रोज ठरल्या वेळी फिरावयास जाण्याचा नेम आयुष्यभर पाळला. त्याच्या त्या फेरफटक्याने तो कोठे पोहोचला असे विचारणाऱ्याने त्याचे ग्रंथ उघडून पाहावेत. पायांनी काही मिळवले नाही म्हणून मनाने काही मिळवले नाही, असे अनुमान काढता येत नाही.

परंतु येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. डोंगराशी मनुष्याचा संबंध दोन रीतींनी येतो. एक, त्याच्या माथ्यावर चढण्याची. दुसरी, त्याला वळसा घालण्याची. एव्हरेस्टवर का चढावयाचे, या प्रश्नाला मॅलरी याने 1923 साली अमेरिकेत, ‘तो तेथे आहे म्हणून,’ असे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. पुढील वर्षी जून महिन्यात तो त्याच पर्वतावर नाहीसा झाला. त्याचा देह 1999 साली सापडला. त्या धैर्यापुढे मान लववावी हे योग्यच. परंतु चढणाऱ्याच्या मनात शेवटी एक निशाण असते, आणि ते निशाण कोणाचे तरी असते. याच्या उलट कैलासाचे पाहा. तिबेटच्या त्या उंच, कोरड्या, वृक्षहीन वाळवंटात 6,638 मीटर उंचीचे ते शिखर उभे आहे. त्याच्या माथ्यावर कोणी गेल्याची नोंद नाही. परंतु त्याच्याभोवती सुमारे 52 किलोमीटरांची वाट शतकानुशतके माणसांच्या पायांनी झिजलेली आहे. ती 5,600 मीटरांहून अधिक उंचीवरील डोल्मा खिंडीतून जाते, आणि तेथील विरळ हवेत धडधाकट मनुष्यासही दहा पावले टाकून थांबावे लागते. हिंदू व बौद्ध ती वाट उजवी घालून चालतात. तिबेटातील प्राचीन बोन पंथाचे लोक डावी घालून चालतात. दिशा उलट, परंतु मध्य एकच. प्रदक्षिणा घालणाऱ्याने एवढे मान्य केलेले असते, की मध्यभागी जे आहे ते माझे नव्हे, आणि मी मध्यभागी नव्हे. दिवसभर मनुष्याच्या मनाचे सर्व रस्ते ‘मी’ या एका ठाण्याकडे येत असतात. एक दिवस का होईना, ते ठाणे बाजूस ठेवून दुसऱ्या कशाभोवती तरी चालावे, यात आम्हांस बुद्धिभ्रंश दिसत नाही. उलट बुद्धीची थोडीशी शुद्धीच दिसते.

येथवर कोणाचे फारसे दुमत होईल असे वाटत नाही. खरा आक्षेप दुसराच आहे, आणि तो बुद्धिवाद्याकडून न येता एखाद्या डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईकडून येतो. तिला निबंध लिहावयास वेळ नसल्यामुळे तो आक्षेप मासिकांतून क्वचितच छापला जातो. म्हणून तिच्या वतीने तो येथे मांडणे आम्हांस भाग आहे. ती म्हणेल, ‘तुम्ही वर्षातून एकदा चालता, आणि त्यास पुण्य म्हणता किंवा पराक्रम म्हणता. आम्ही रोज चालतो. त्यास काय म्हणावयाचे?’

हा आक्षेप किती वजनाचा आहे हे थोडे गणित केल्यावाचून कळणार नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या सरकारी योजनांत दीर्घकाळ असा दंडक होता, की सपाट प्रदेशात 1.6 किलोमीटरांच्या आत, आणि डोंगराळ प्रदेशात 100 मीटरांच्या चढउताराच्या आत, पिण्याच्या पाण्याचे साधन असावे. तेवढे असले की त्या वस्तीस पाण्याची सोय आहे असे धरले जाई. पाण्याचे मान माणशी रोज 40 लिटर. आता पाच माणसांचे एक कुटुंब घेऊ. त्यास रोज 200 लिटर पाणी लागणार. डोक्यावर एक हंडा व काखेत एक घागर, दोन्ही मिळून 30 लिटर धरले, तर सात खेपा होतात. पाणी 1.6 किलोमीटरांवर असेल तर जाऊन येऊन एक खेप 3.2 किलोमीटरांची, सात खेपांचे 22.4 किलोमीटर झाले. म्हणजे कागदावर जिची सोय झालेली आहे अशा बाईस, सरकारने ठरविलेले पाणी घरात आणावयाचे तर, रोज ब्रह्मगिरीच्या धाकट्या फेरीहून अधिक चालले पाहिजे. आणि त्यातील निम्मी वाट 30 किलो वजन घेऊन!

अर्थात इतके कोणी चालत नाही. चालणे शक्यच नाही. ती बाई दोन किंवा तीन खेपा करते, आणि उरलेल्या खेपांइतके पाणी घरातून वजा करते. अंघोळ वजा होते, धुणे वजा होते, जनावराची बादली अर्धी होते, आणि शेवटी मुलीची शाळा वजा होते, कारण चौथी खेप तिच्या वाट्यास येते. दंडक करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. ज्या काळी गावेच्या गावे कोसाकोसांवरून पाणी आणीत होती, त्या काळी एका मैलाची मर्यादा घालणे हीसुद्धा प्रगतीच होती. 2019 पासून प्रत्येक घरी नळ व माणशी 55 लिटर पाणी हे ध्येय देशापुढे ठेवण्यात आले आहे, आणि पुष्कळ गावांतून नळ आलेही आहेत. तथापि नळ येणे आणि नळास पाणी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागातील वाचकांस सांगावयास नको. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही.

आणि ही व्यथा केवळ आमच्या माळरानाची आहे असेही नाही. ज्या त्र्यंबक तालुक्यात पाऊस आमच्या कितीतरी पट पडतो, जेथे श्रावणात प्रत्येक कड्यावरून धबधबा कोसळतो, त्याच तालुक्यातील, आणि शेजारच्या पेठ व सुरगाणा तालुक्यांतील अनेक आदिवासी पाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया कोरड्या विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरतात. कातळाच्या उतारावरून पाणी वाहून जाते. ते थांबत नाही, मुरत नाही. गोदावरीच्या माहेरी ही स्थिती! श्रावणात ज्या वाटेवरून आपण पुण्यासाठी चालतो, त्याच प्रदेशात वैशाखात दुसरे कोणी तहानेसाठी चालत असते. दोघांची भेट होत नाही, कारण दोघांचे महिने निराळे आहेत.

तर मग प्रश्न असा उभा राहतो, की जेथे कष्ट लादलेले आहेत तेथे हौसेने कष्ट घेणे ही थट्टा नव्हे काय? भुकेलेल्याच्या दारात बसून उपवासाची फुशारकी मारण्यासारखेच ते नव्हे काय? यावर दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात, आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. पहिले उत्तर भाविकाचे: कष्ट कोणतेही असोत, ते पवित्रच, पाणी भरणारी बाईही एक प्रकारची तपश्चर्याच करीत आहे. हे उत्तर ऐकावयास गोड आहे, परंतु फार धोक्याचे आहे. तप हा शब्द निवडीवर उभा आहे. जो थांबू शकतो आणि थांबत नाही, तो तपस्वी. जो थांबूच शकत नाही, त्याच्या कष्टास तप म्हणणे म्हणजे अन्यायास गंध लावून देव्हाऱ्यात बसविणे होय. दुसरे उत्तर सुधारकाचे: ही फेरी, हा ट्रेक, हे सर्व रिकामटेकड्यांचे खेळ, त्यापेक्षा घरी बसावे व वर्गणी द्यावी. वर्गणी जरूर द्यावी. परंतु घरी बसल्याने कोणाच्या डोक्यावरचा हंडा उतरला असे अद्याप ऐकिवात नाही. आणि जो कधीच चालला नाही त्याने काढलेल्या वर्गणीच्या आकड्यावर आमचा फारसा विश्वास नाही.

आमच्या मते आपखुशीच्या कष्टातून मनुष्यास एकच वस्तू मिळते, आणि ती म्हणजे माप. दुःख मिळत नाही; कारण दुःखाचा गाभा लाचारीत आहे, आणि फेरी घालणारा लाचार नसतो. त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली असते, खिशात परतीचे भाडे असते, आणि उद्या सुट्टी असते. म्हणून वीस किलोमीटर चालून आलेल्याने ‘आता आम्हांस त्यांचे दुःख कळले,’ असे म्हणू नये. ते त्याला कळलेले नाही, आणि तसे म्हणण्यात एक प्रकारची चोरी आहे. परंतु माप मात्र त्याला निश्चित कळते. एक किलोमीटर म्हणजे किती, हे पुस्तकात वाचून कळत नाही. शंभर मीटरांची चढण ही नकाशावर दोनचार वळणदार रेषा असतात. तीच दुपारी बाराच्या उन्हात, घसा कोरडा असताना, छातीत धाप होऊन बसते. बाटलीतील शेवटचा घोट संपल्यावर पुढच्या ओढ्यापर्यंतचे अंतर एकाएकी लांब होते. हे ज्ञान लहानच आहे, तथापि ते खरे आहे. आणि सुशिक्षित मध्यमवर्गाच्या आयुष्यात अंगाने मिळविलेले असे ज्ञान हल्ली फार थोडे उरले आहे. आमचे बहुतेक ज्ञान बसून मिळविलेले असते.

मापाचे नैतिक मोल कशात आहे? ते यात, की समाजाचे पुष्कळसे निर्णय मापे ठाऊक नसलेल्या माणसांकडून होत असतात. पाणी किती अंतरावर असले तर चालेल, शाळा किती लांब असली तर मूल चालत जाईल, दवाखान्यापर्यंत आजाऱ्यास किती वाट न्यावे लागेल, हे सर्व आकडे कोणीतरी मेजावर बसून लिहितो. त्या मेजाभोवती आमच्याच घरांतील, आमच्याच महाविद्यालयांतून शिकून गेलेली माणसे असतात. त्यांपैकी एकाने तरी, 1.6 हा आकडा लिहिताना लेखणी क्षणभर उचलून धरली, आणि त्याला आपल्या पोटऱ्या आठवल्या, तर त्याची फेरी सार्थकी लागली असे आम्ही म्हणू. न आठवल्या तर त्याने ब्रह्मगिरीस शंभर वळसे घातले काय आणि घाण्याच्या बैलाने घातले काय, सारखेच.

याला पुरावा हवा असेल तर आमच्याच शेजारी आहे. करकंबच्या पश्चिमेस, माळशिरस तालुका ओलांडून गेले की सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात शिखर शिंगणापूर लागते. हा प्रदेश आमच्याहूनही रखरखीत. त्या उघड्या डोंगरावर शंभू महादेवाचे देऊळ आहे, आणि चैत्रात, म्हणजे ऐन टंचाईच्या दिवसांत, दूरदूरच्या गावांहून कावडी घेऊन लोक तेथे येतात. सासवडची मोठी कावड कऱ्हेचे पाणी घेऊन येते, आणि मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून माणसांची साखळी करून ती वर चढविली जाते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ज्या मुलखात माणसास पाणी मिळत नाही तेथे देवास पाणी वाहून न्यावयाचे, हा प्रकार सुधारकास असह्य वाटावा असाच आहे. परंतु त्याच डोंगरावर एक तळेही आहे. यात्रेकरूंचे पाण्यावाचून होणारे हाल पाहून मालोजीराजे भोसले यांनी, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या आजोबांनी, 1600 च्या सुमारास ते बांधविले. मालोजी हे महादेवाचे भक्त होते. त्या डोंगरावर त्यांच्या आधीही कितीतरी भक्त आले असतील, तहानेने व्याकूळ झाले असतील, आणि तहान हा यात्रेचाच एक भाग मानून परत गेले असतील. या एकाने मात्र ती तहान देवास वाहिली नाही. तिचे तळे केले. कावड आणि तळे यांत विरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. कावड वाहणाऱ्यास पाण्याचे वजन कळते. तळे बांधणाऱ्यास त्या कळण्याचे पुढे काय करावयाचे ते कळते. पहिले कळणे पुष्कळांस होते. दुसरे फार थोड्यांस होते, आणि समाज त्या थोड्यांवर जगतो.

निवृत्तिनाथांविषयी जी कथा परंपरेने चालत आली आहे तीही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. विठ्ठलपंत पत्नी व मुले यांच्यासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत होते. वाटेत वाघ आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि लहान निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे त्यास गहिनीनाथ भेटले. कथेचा ऐतिहासिक कस काहीही असो. तिच्यातील एक गोष्ट आम्हांस मार्मिक वाटते. निवृत्तीस जे मिळाले ते फेरी पुरी केल्याने मिळाले नाही; फेरी मोडल्याने मिळाले. वर्तुळ बिनचूक पुरे करणाऱ्यास वर्तुळ मिळते. वाटेत जे आडवे येते त्यासाठी जो वाट सोडतो, त्यास कधी कधी अधिक मिळते. आपल्या फेऱ्यांत आता वाघ आडवा येत नाही. आडवी येते ती पाड्यावरची कोरडी विहीर, चिखलात रुतलेला शाळेचा रस्ता, आणि यात्रेकरूंनी टाकलेल्या प्लास्टिकाने तुंबलेला ओढा. त्यांच्यापाशी क्षणभर थांबल्याने फेरीस थोडा उशीर होईल. परंतु फेरीस उशीर झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही, कारण ती कोठेच जाणार नसते.

तेव्हा आमचा अभिप्राय थोडक्यात असा. डोंगराला जरूर वळसा घालावा. भक्तीने घालावा, हौसेने घालावा, तरुणांनी पायांच्या जोमाने घालावा, आणि आमच्या वयाच्या माणसांनी काठी घेऊन घालावा. त्यास पराक्रम म्हणू नये, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या दुःखात वाटा मागू नये. परत येताना मात्र बरोबर आणलेले माप वाटेत सांडू देऊ नये. आषाढात पालखी करकंबास येते तेव्हा गावातील घरे दारात पाण्याचे पिंप भरून ठेवतात. कित्येक दिवसांची वाट तुडवून आलेल्या माणसास प्रथम काय लागते, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. त्यांच्या आयाबहिणींनी पाणी डोक्यावरून आणलेले आहे, म्हणून त्यांना ते ठाऊक आहे. आम्हां शिकलेल्यांस ते चालून शिकावे लागते, एवढाच काय तो फरक.